तेलाची काच

आमच्या घरात सकाळ व्हायची ती मोटरसायकलच्या स्टँडच्या आवाजाने. पपा गाडी मधल्या स्टँडवर चढवत, तेव्हा जिन्याखालच्या फरशीवर लोखंड घासल्याचा एक लांब आवाज यायचा आणि मग बराच वेळ काहीच नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर राहत होतो, दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी वसाहतीत. पपा एका मंत्रालयात फाइली बघायचे. खाली ते काय करत असतील ते मला रजईतूनही दिसे. सायलेन्सरच्या वाकणाच्या मागे, किकच्या खाली, तेलाचं एक काळं बुच होतं. बोटं जेमतेम जातील एवढीच तिथे जागा. ते बुच फिरवून काढायचं, त्याला जोडलेली काडी फडक्याने पुसायची, पुन्हा आत बुडवायची, बाहेर काढून काडीवरच्या दोन रेषांच्या मध्ये तेल आहे का ते बघायचं. हे काम एकदा केलं तर दोन मिनिटांचं आहे. पपा ते चार-पाच वेळा करत. थोड्या वेळाने जिन्यातून हाक यायची, "सरू, जरा खाली ये गं. बघ, रेषेच्या वर आहे ना?"

त्यांना जवळचं नीट दिसेनासं झालं होतं आणि चष्म्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून रोज मला साक्षीदार लागे. थंडीत धुकं इतकं असायचं की समोरच्या ब्लॉकची गच्चीही दिसत नसे. मी शाल गुंडाळून खाली जायची आणि ती चकचकीत काडी ट्यूबलाइटखाली तिरकी करून बघायची. नवं तेल पाण्यासारखं असतं, काडीवर चढलंय की नाही ते पटकन कळत नाही. मी म्हणायची, "आहे, पपा." ते विचारत, "बिल्कुल?" "बिल्कुल." मग ते बुच लावत, किक मारत आणि जात. इंजिनाचा आवाज वसाहतीच्या गेटपर्यंत ऐकत आई वरच्या खिडकीत उभी राही. तो आवाज धुक्यात विरला की ती पोळ्यांना लागे.

हे सगळं सुरू झालं आई पडली त्यानंतर. मानेसरला पपांचे एक मित्र राहत. त्यांच्याकडून परत येताना, भर हायवेवर, इंजिन जाम झालं. तेल संपत आलं होतं, पिस्टन आतल्या आत चिकटला आणि मागचं चाक एका क्षणात थांबलं. पपांना खरचटण्यावर निभावलं. आई मागे एका बाजूला बसलेली, ती उडून दुभाजकाला आदळली. कामगारांना घेऊन चाललेल्या कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला, नाहीतर मी आईविना वाढले असते. आईच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण हात कानाच्या वर जाईना. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती. गावाहून काका ज्वारीचं पीठ पाठवायचे आणि रविवारी उपासनेहून आल्यावर मटणाचा रस्सा आणि भाकरी हा आमचा ठरलेला बेत. आईच्या थापण्याचा आवाज मला जिन्यातून ओळखू यायचा, भरभर, एका लयीत. अपघातानंतर तो आवाज बदलला. दोन थापा, थांबणं, पुन्हा दोन थापा. पपा बाहेरच्या खोलीत पेपर समोर धरून बसत आणि पान उलटत नसत.

अपघाताबद्दल ते कधीच बोलले नाहीत. नवा पिस्टन बसवून गाडी घरी आली आणि त्या दिवसापासून काडी बघणं सुरू झालं. आधी सकाळी, मग संध्याकाळीही. रविवारी उपासना चालू असताना मधूनच ते उठून बाहेर जात आणि गीत संपता संपता फडक्याला हात पुसत येत. एकदा गरम सायलेन्सरला मनगट लागून मोठा फोड आला. तो फुटला, त्याच जागी पुन्हा भाजलं. गाडी विका म्हटलं तर ऐकत नसत. आई मात्र गाडीवर पुन्हा कधी बसली नाही. कुठे जायचं तर ते गाडीवर, आम्ही दोघी बसने, आणि पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे ते आले आहेत का ते शोधणं.

एका सकाळी मी न बघताच "आहे" म्हटलं. परीक्षा चालू होत्या, झोप अपुरी होती, आणि त्यांनी काडी पुढे केली तेव्हा माझे डोळे उघडे असून मी काहीच बघत नव्हते. गाडी गेटबाहेर गेल्यावर मला जाग आली म्हणायची. तो दिवस मी विसरू शकत नाही. पेपरमध्ये मी काय लिहिलं ते आठवत नाही. धौला कुआंच्या पुलावर मागचं चाक थांबलेलं तेवढं दिसत होतं. संध्याकाळी ते सुखरूप आले आणि आल्या आल्या म्हणाले, "बघ गं, रेषेच्या वर आहे ना?" तेल होतं. अगदी भरपूर होतं. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

मी तेव्हा पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला होते. वर्गात मुली दोन. आमच्या वर्कशॉपला बलबीर सर होते, म्हातारे, दाढी जाळीत बांधलेले, लेथवर उभे राहिले की हातांचं वय कमी होई. कोपऱ्यात एक मोडीत काढलेला हवेचा कॉम्प्रेसर पडला होता आणि त्याच्या पोटाला रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी जाड काच होती. आतलं तेल बाहेरूनच दिसावं म्हणून. मी त्या काचेकडे रोज बघत होते. एक दिवस मी सरांना विचारलं की ही मोटरसायकलच्या इंजिनाला बसेल का. त्यांनी मला गाडी कोणती, झाकण कसलं, सगळं विचारलं आणि म्हणाले, "बैठ जाएगी. छेद करना आसान है बेटा. छेद के बाद नींद आना मुश्किल है."

आजकाल कितीतरी गाड्यांना ही काच कारखान्यातूनच येते. माझ्या मुलीच्या गाडीला आहे, तिने ती कधी बघितलीही नसेल. पण तेव्हा ही गोष्ट मी जेवताना काढली तर पपांच्या हातातला घास तसाच राहिला. "चांगल्या इंजिनाला भोक पाडायचं?" ते म्हणाले. "आणि ती काच उडाली तर? सगळं तेल मागच्या टायरवर." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते त्या रात्री जेवले नाहीत. मी विषय सोडला. सोडला नाही तो आईने.

पुढच्या महिन्यात गावी मोठे काका वारले आणि पपा एकटेच रेल्वेने नगरला गेले, आठवड्यासाठी. आम्ही दोघी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "तुझ्या त्या सरांना विचार, उद्या वेळ आहे का."

"पपांना न विचारता?"

"त्यांना विचारलं तर ते नाही म्हणणार. मग जन्मभर काडी पुसत बसणार. आणि तू जन्मभर साक्ष देत बसणार."

मला ती काय करतेय ते समजत होतं आणि भीतीही वाटत होती. जिचं हाड मोडलं तीच सांगतेय, मग मी कोण नाही म्हणणार. दुसऱ्या दिवशी मी जिन्याखाली तेल काढलं, बोल्ट सोडवले आणि इंजिनाचं उजवं झाकण उतरवलं. आतमध्ये क्लचच्या चकत्या ओल्या चमकत होत्या. पपांच्या गाडीचं पोट उघडं पडलंय असं वाटून मी त्यावर घाईने स्वच्छ फडकं टाकलं. झाकण आईच्या जुन्या साडीत गुंडाळून आम्ही दोघी बसने पॉलिटेक्निकला गेलो. आईने ते मांडीवर धरलं होतं, लहान मूल धरावं तसं. कंडक्टरने विचारलं, "इसमें क्या है, आंटी?" आई म्हणाली, "घर का सामान है."

सरांनी झाकण उलटसुलट केलं, आत क्लचला लागणार नाही अशी जागा खडूने आखली आणि ड्रिल मशीन माझ्या हातात दिलं. "तेरे पापा की है, तू ही कर." अॅल्युमिनियम मऊ असतं, ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं गेलं, आणि तो मऊपणाच मला घाबरवून गेला. एवढ्या सहज भोक पडतं तर एवढ्या सहज फुटेलही. मग सरांनी भोकाला आटे पाडले, काच पितळी कड्यासकट रबराच्या रिंगवर घट्ट बसवली. घरी येऊन मी ते झाकण तीन वेळा रॉकेलने धुतलं. धातूचा एक कण आत राहिला तर तो तेलाबरोबर फिरत फिरत सगळं इंजिन खाणार, हे सरांनी बजावलं होतं. तीनदा धुऊनही बोटाला काहीतरी लागल्यासारखं वाटे, म्हणून चौथ्यांदा धुतलं. झाकण लावलं, काडीने मोजून खालच्या रेषेपर्यंत तेल ओतलं आणि काचेच्या कड्यावर एक खूण कोरली. वरच्या रेषेपर्यंत ओतून दुसरी. गाडी स्टँडवर चालू करून खाली वर्तमानपत्र पसरलं. तासभर आम्ही दोघी पायरीवर बसून त्या कागदाकडे बघत होतो. एकही थेंब पडला नाही. काचेमागे तेल सोनेरी दिसत होतं.

एक गोष्ट मात्र मी आईला सांगितली नाही. झाकणाचा सगळ्यांत खालचा बोल्ट आवळताना मी एक पिळा जास्त दिला होता. हाताला तो कटकन सैल झालेला कळला. आतले आटे गेले होते; बोल्ट नुसता फिरत होता, धरत नव्हता. मी तो गळती थांबवायचं गॅस्केटचं सोल्यूशन लावून बसवला आणि वरून पुसून टाकला. पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. सरांना उद्या सांगू असं रोज मनाशी म्हणत राहिले. आठवडा सरला आणि पपा आले.

त्यांनी जिन्याखाली गाडी बघितली आणि तिथेच उभे राहिले. आई खिडकीतून नाही, खाली येऊन म्हणाली, "मी करवून घेतलंय. सरूला काही बोलू नका." आठवडाभर ते सकाळी पूर्वीसारखीच काडी काढत होते, काचेकडे पाठ करून. मग एका सकाळी स्टँडचा आवाज आला आणि त्यानंतर किकचा. मध्ये काहीच नाही. हाक नाही. मी खिडकीशी धावले. ते गाडीवर बसले होते, वाकून एकदा काचेकडे बघितलं आणि निघाले. आई माझ्याकडे बघून हसली, पुष्कळ दिवसांनी. त्या हसण्यापुढे मला खालच्या बोल्टचं नाव काढता आलं नाही. एक दिवस गेला, एक आठवडा गेला, आणि सांगण्याची वेळ निघून गेली असं मी मानलं. रोज ते निघाले की मी खाली जाऊन फरशीवर बोट फिरवायची. कोरडी असायची.

संक्रांतीच्या सुमारास दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला, जायची. पपा चर्चला जाणारे, पण पानिपतचं नाव निघालं की त्यांचा चेहरा वेगळाच होई. शाळेत मास्तरांनी तो धडा रडत शिकवला होता म्हणत. त्या वर्षी आई म्हणाली, "आपण गाडीवर जाऊ या. तुम्ही आणि मी." पपा तिच्याकडे बघत राहिले. "पानिपतहून मला एक रजई घ्यायचीय," ती म्हणाली, जणू कारण तेवढंच.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण पपा लहान मुलासारखे टायरमधली हवा बघायला धावले, आणि मी म्हणाले, "मी बसने येते."

आमची बस आणि त्यांची गाडी बरोबरच निघाली. मुरथलपर्यंत धुक्यातून त्यांच्या गाडीचा लाल दिवा दिसत होता, आईच्या मरून शालीचं टोक दिसत होतं. मुरथलला बस पराठ्यांसाठी थांबली, ते थांबले नाहीत, आईने हात हलवला. मंडळी लोणी-पराठे खात होती, कुणीतरी मला ताट दिलं, मी एक तुकडा मोडला आणि तो तोंडात फिरत राहिला. बस पुन्हा निघाली तेव्हापासून मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून रस्ता बघत होते. डांबरावर तेलाचे डाग असतातच, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. प्रत्येक डाग मला ओळखीचा वाटे. एके ठिकाणी रस्त्याकडेला माणसं जमली होती आणि एक मोटरसायकल आडवी पडली होती. मी उभी राहिले. ड्रायव्हरने वेग कमी केला. दुधाच्या किटल्या सांडल्या होत्या, दूधवाला बाजूला बसून गुडघा चोळत होता. ती आमची गाडी नव्हती. मला हायसं वाटलं, आणि त्या माणसाच्या रक्ताळलेल्या गुडघ्याकडे बघून हायसं वाटलं याची लाजही.

काला अंबला पोहोचलो तर ते तिथे नव्हते. मुरथलहून आमच्या पुढे गेलेले, तरी नव्हते. मोबाइल आईच्या पर्समध्ये असे. मी लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. भाषणं सुरू झाली होती, पुण्याहून आलेली मुलं भगवे फेटे बांधून उभी होती, माइकवरचा आवाज धुक्यात घुमत होता. इथे किती माणसं पडली ते कुणीतरी सांगत होतं आणि मी फाटकाजवळ उभी राहून दोनच माणसं मोजत होते. अकरा वेळा फोन लावला. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्द येईनात, नुसतं "बोल्ट, बोल्ट" एवढंच डोक्यात चाललेलं. कुणाला सांगावं तर काय सांगणार? की मला माहीत होतं आणि मी त्यांना जाऊ दिलं?

दीड तासाने गाडी आली. चालण्याच्या वेगाने येत होती. पपांचा उजवा बूट तेलाने काळा झाला होता, आईच्या साडीच्या काठावर काळे शिंतोडे होते. दोघं उतरले. मी आईचा हात धरला.

"समालख्याच्या अलीकडे मी यांना थांबवलं," आई शालीने नाक पुसत म्हणाली. "चहा प्यायचा म्हटलं. वाकून बघते तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. काच ठीक आहे. खालून कुठूनतरी येत होतं. आतल्या गावात मिस्त्री शोधला, त्याने जाडा बोल्ट ठोकून बसवला, तेल घातलं. फोन पर्समध्ये, शालीखाली होता, ऐकूच आला नाही गं."

"पपा," मी म्हणाले, "तो खालचा बोल्ट माझ्याच हातून गेला होता. पहिल्याच दिवशी. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

मला वाटलं, ते आता बोलतील. खरं म्हणजे त्यांनी बोलावं असं मला फार वाटत होतं. ते फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले, हातमोजे काढले, आणि मनगटावरच्या भाजल्याच्या डागावरून बोट फिरवलं.

"मानेसरहून निघताना मी काडी बघितली होती," ते म्हणाले. "मित्राच्या दारात. टोकाला जेमतेम लागलं होतं तेल. पुढच्या पंपावर घालू म्हटलं. पंप आला तेव्हा रांग होती, मी थांबलो नाही." त्यांनी मान वर केली नाही. "म्हणजे न बघता नव्हतं झालं ते. बघून झालं होतं."

माइकवरचं भाषण संपून टाळ्या वाजत होत्या. मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा बदलला नव्हता.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तिथेच उभी होते मी, पर्स घेऊन. मीही बघितली होती काडी. मलाही घरी लवकर पोहोचायचं होतं, सरू एकटी होती. मीही काही बोलले नाही."

पपांनी तिच्याकडे बघितलं. अपघातानंतर तीन वर्षं ते एका घरात राहत होते, एका ताटलीतली चटणी खात होते, आणि हे एक वाक्य त्यांच्यामध्ये कुणी ठेवलं नव्हतं. ते रडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मग तू आज बसलीस कशी?"

"घाबरत बसले," आई म्हणाली. "वाटभर घाबरत होते. तुम्ही नव्हता?"

"होतो."

"मग झालं तर. उठा आता, माझी रजई राहिलीय."

रजई त्यांनी घेतली, गुलाबी फुलांची, आणि ती मला बसमध्ये दिली कारण गाडीवर बांधता येईना. मी आईला विनवलं की परत जाताना तू बसने चल. मिस्त्रीच्या बोल्टवर माझा विश्वास नव्हता. ती म्हणाली, "यांना पानिपतला एकटं सोडून आले तर हे काय म्हणतील," आणि कुंपणाजवळ उभ्या गाडीवर जाऊन बसली, पूर्वीसारखीच एका बाजूला, डाव्या हाताने पपांचा खांदा धरून. पपांनी वाकून काच बघितली. आईनेही वाकून बघितली. मग त्यांनी किक मारली.

ऊन विझत होतं आणि धुकं शेतांवरून पुन्हा रस्त्यावर उतरत होतं. मी रजई मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या मागे बसले. गाडी आमच्या पुढे, ताशी चाळीसच्या वर जात नव्हती. मागून मंडळातले काका कुरकुरत होते की असं गेलं तर दिल्ली कधी येणार. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"मैडम, आगे निकाल लूँ?"

"नहीं भैया," मी म्हणाले. "इनके पीछे ही रहना."